केसपेपरवरचे दोन शब्द

१९७८ सालची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून नुकतीच लागले होते. औषधं डॉक्टर द्यायचे. घरच्या माणसांना बोलतं करायचं आणि कुटुंबाचा इतिहास केसपेपरवर उतरवायचा, हे काम माझं. एके दिवशी लालबागच्या चाळीतली एक बाई आपल्या अठरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. नवरा गिरणीत, मूळ गाव साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. नळावर बायका हसतात त्या आपल्यालाच, जिन्यात कुणी खाकरलं तर तो आपल्यासाठी इशारा, असं त्याचं म्हणणं. निदानाला वेळ लागला नाही. स्किझोफ्रेनिया. मराठी पुस्तकांत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात.

मग माझी पाळी आली. मी त्या माउलीला समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. हे मूल हवं होतं का? अंगावर किती महिने पाजलं? जवळ घेत होता का? मारत होता का? तासाभरानं ती पदराशी चाळा करत म्हणाली, "बाई, माझ्या हातनं काय वंगाळ झालं, ते तरी सांगा." मी काहीच सांगितलं नाही. केसपेपरवर मात्र लिहिलं, 'आई : मुलाला चिकटलेली, वरचढ, भावनिकदृष्ट्या थंड.' एकच बाई चिकटलेली आणि थंड एकाच वेळी कशी असेल, हा प्रश्न मला पडला नाही. आणि त्याच्या खाली लिहिलं, 'बालपण : सामान्य.'

त्या दोन शब्दांकडे मी शेवटी येईन. आधी माझे प्रश्न कुठून आले ते सांगायला हवं, कारण ते माझे नव्हतेच. ते पुस्तकातले होते, आणि त्या पुस्तकांनाही एक इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या एमिल क्रेपेलिन यांनी तरुणपणी सुरू होणाऱ्या आणि माणसाला हळूहळू निकामी करणाऱ्या एका वेडाचं वर्णन केलं. त्यांच्या दृष्टीनं तो मेंदूचा ऱ्हास होता. त्यानंतर १९०८ साली झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी बर्लिनमधल्या एका व्याख्यानात 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द पहिल्यांदा वापरला. ब्लॉयलर त्याआधी बारा वर्षं ऱ्हाइनाऊ नावाच्या गावातल्या मनोरुग्णालयात रुग्णांच्या सोबतीनं राहिले होते. हा सरसकट ऱ्हास नव्हे, विचार, भावना आणि व्यवहार यांची एकमेकांपासून झालेली फारकत आहे, असं त्यांना जवळून दिसलं. पण ही फारकत होते कशानं, याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ते उत्तर अमेरिकेनं दिलं, आणि ठामपणे दिलं. फ्रीडा फ्रॉम-राइशमन या जर्मन ज्यू डॉक्टर नाझींच्या तडाख्यातून सुटून १९३५ साली मेरीलँडमधल्या चेस्टनट लॉज या खासगी मनोरुग्णालयात दाखल झाल्या. (विचारवंत एरिक फ्रॉम यांच्या त्या एकेकाळच्या पत्नी.) ज्या रुग्णांशी बोलून काही उपयोग नाही असं सगळे मानत, त्यांच्याशी त्या तासन् तास, वर्षानुवर्षं बोलत बसत. त्यांच्याकडे उपचार घेऊन बरी झालेली एक मुलगी पुढे लेखिका झाली. जोअॅन ग्रीनबर्ग तिचं नाव. १९६४ साली आलेल्या तिच्या कादंबरीतली प्रेमळ डॉक्टर म्हणजे फ्रीडाच. अशा या बाईंनी १९४८ साली एका लेखात ओघात एक शब्द वापरला. त्याचा मराठीत अर्थ होतो, 'स्किझोफ्रेनिया जन्माला घालणारी आई'. रुग्ण इतरांवर विश्वास ठेवत नाही, कारण लहानपणी महत्त्वाच्या माणसांनी, विशेषतः आईनं, त्याला झिडकारलेलं असतं, असा त्या वाक्याचा आशय.

शब्द वाऱ्यासारखा पसरला. मला नेहमी वाटतं, दुखावलेल्या रुग्णाच्या बाजूनं उभं राहण्याच्या ओढीतून फ्रीडाबाईंनी तो लिहिला असावा. पण रुग्णाची कड घ्यायची तर कुणाला तरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागतं, आणि तिथं आई आयतीच सापडली. बाप कामावर असायचा. तुलनेसाठी निरोगी मुलांच्या आया तपासाव्यात, हे फारसं कुणाच्या मनात आलं नाही. १९५६ साली ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातून आणखी एक सिद्धान्त मांडला. आई तोंडानं 'ये' म्हणते आणि अंगानं 'जा' सुचवते, या पेचात सापडून मुलाचं मन फाटतं, असा तो होता. स्वमग्न मुलांच्या आयांनाही याच काळात 'थंड' ठरवण्यात आलं. ही अमेरिकन पुस्तकं आपल्याकडच्या वर्गांतून शिकवली गेली, आणि वीस-तीस वर्षं उशिरानं म्हणा, लालबागच्या एका माउलीसमोर प्रश्न होऊन उभी राहिली.

गंमत म्हणजे, मी ते प्रश्न विचारत होते तेव्हा हा सिद्धान्त तिकडे मोडीत निघत होता. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधानं भ्रम कमी होतात असं दिसलं होतं. १९६६ साली लिओनार्ड हेस्टन यांनी ओरेगनमधल्या ४७ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या आयांना स्किझोफ्रेनिया होता, पण जन्मानंतर काही दिवसांतच या मुलांना आईपासून दूर करून इतरत्र वाढवलं गेलं होतं. ४७ पैकी पाच जणांना पुढे तोच आजार झाला. निरोगी आयांच्या, पण तशाच दूर वाढलेल्या ५० मुलांपैकी एकालाही झाला नाही. ज्या आईनं मुलाला वाढवलंच नाही, तिच्या वागण्याला दोष कसा देणार? मग १९७६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी नव्यानं आलेल्या सीटी स्कॅनच्या यंत्रात १७ जुन्या रुग्णांचे मेंदू पाहिले. मेंदूतल्या द्रवानं भरलेल्या पोकळ्या मोठ्या झालेल्या दिसल्या. १९७९ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये रुग्णांचे आईबाप एकत्र आले आणि त्यांनी राष्ट्रीय संघटना उभी केली. तीस वर्षं खाली घातलेली मान त्यांनी वर केली, असंच म्हणायला हवं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण झालं असं, की आईवरचा आरोप मागे घेताना मुलाचं बालपणही न्यायालयाबाहेर गेलं. पुढची वीसेक वर्षं लहानपणाविषयी विचारणंच अनेकांना अवघड वाटू लागलं. विचारलं तर घरच्यांना पुन्हा दुखावल्यासारखं होईल, ही भीती. मी स्वतः नव्वदच्या दशकात शिकाऊ मुलींना सांगत असे, "हा मेंदूचा आजार आहे, मधुमेहासारखा. लहानपणात शिरू नका." सांगताना बरं वाटायचं. ऐकणाऱ्या आयांनाही वाटायचं.

बालपण परत आलं ते अनपेक्षित वाटेनं, भुकेच्या वाटेनं. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधल्या रेल्वे कामगारांनी नाझींविरुद्ध संप केला. जर्मन सैन्यानं सूड म्हणून पश्चिम हॉलंडची अन्नाची वाट अडवली. कडाक्याचा हिवाळा आला, कालवे गोठले. माणशी रोजचं रेशन हजार कॅलरींच्याही खाली गेलं. माणसं ट्युलिपचे कंद उकडून खाऊ लागली. सुमारे वीस हजार माणसं मेली. मे १९४५ मध्ये सुटका झाली. भूक कधी सुरू झाली, कधी संपली, रेशन कुठल्या आठवड्यात किती होतं, या सगळ्याच्या नोंदी डच लोकांनी नीट ठेवल्या होत्या. पन्नासेक वर्षांनी एझ्रा सस्सर आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदी मनोरुग्णालयांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. १९९२ आणि १९९६ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की उपासमार ऐन भरात असताना ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं. पुढे चीनमधल्या १९५९ ते १९६१ च्या महाभयंकर दुष्काळाबाबतही आन्हुई प्रांतात तसंच आढळलं. ते संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालं.

या मुलांच्या आया थंड नव्हत्या. त्या उपाशी होत्या. आणि त्यांना उपाशी ठेवणारं सैन्य होतं, सरकार होतं. आपल्याकडे हल्ली गर्भसंस्काराच्या नावाखाली सीडीपासून तुपापर्यंत बरंच काही विकलं जातं. गरोदर बाईच्या पानात पुरेसं पडतं का, हे विचारणारं दुकान मात्र मला अजून दिसलेलं नाही.

भुकेनंतर परकेपणा. कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये आलेल्या कुटुंबांत हा आजार गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळत होता. आनुवंशिक असेल म्हणावं, तर त्याच लोकांच्या मूळ बेटांवर तो एवढा नव्हता. लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल इथं झालेल्या मोठ्या पाहणीतून २००७ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. सोळा वर्षांच्या आत आई किंवा वडिलांपासून दीर्घकाळ दूर राहावं लागलेल्या, किंवा त्यांचा मृत्यू पाहिलेल्या मुलांत अशा आजाराचा धोका दोन ते तीन पट होता. २०१२ साली वारेसे आणि सहकाऱ्यांनी ३६ अभ्यासांची बेरीज मांडली. मारहाण, लैंगिक अत्याचार, उपेक्षा, शाळेतली दादागिरी, आईबापांचा मृत्यू, असं काही भोगलेल्या मुलांत वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजारांची शक्यता सुमारे पावणेतीन पट निघाली.

आकडे ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेवा. असं बालपण भोगलेल्या बहुसंख्य मुलांना हा आजार होत नाही, आणि उत्तम बालपण मिळालेल्यांनाही तो होतो. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, तो कुणी नाकारलेला नाही. फिनलंडमध्ये पेक्का तिएनारी यांनी दत्तक मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. जन्मदात्या आईला हा आजार असलेली मुलं विसंवादी घरात वाढली, तर आजारी पडण्याचं प्रमाण वाढे. तशीच मुलं शांत घरात वाढली, तर ते बरंच कमी राही. आणि ज्यांच्या रक्तात ही ओढ नव्हती, ती मुलं विसंवादी घरातही बहुतेक तरून गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर बियाणं आणि जमीन, दोन्ही बघावं लागतं.

आता मेंदूत काय होतं, याकडे वळते. रुमानियात चाउशेस्कूच्या हुकूमशाहीनं १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली आणि नको असलेल्या हजारो मुलांनी अनाथालयं भरली. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली, तेव्हा जगानं ती मुलं पाहिली. पाळण्यात पडलेली, अंग झुलवणारी, कुणी रडत नसलेली, कारण रडून कुणी येत नाही हे ती शिकली होती. त्यांतली काही ब्रिटनमध्ये दत्तक गेली. मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा पाठपुरावा केला. चांगल्या घरात वाढूनही काहींना माणसं वाचता येत नव्हती. अनोळखी माणसाच्या मागे ती निःशंक जात, पण समोरच्याच्या मनात काय चाललंय हे त्यांना उमगत नसे. २०२० साली त्यांच्या मेंदूंची मापं प्रसिद्ध झाली. ब्रिटनमध्येच जन्मून दत्तक गेलेल्यांच्या तुलनेत ती सरासरी साडेआठ टक्क्यांनी लहान होती. या मुलांना स्किझोफ्रेनिया होता असं नव्हे. पण घडणाऱ्या मेंदूला माणसं लागतात, एवढं त्यांच्याकडून कळलं.

'माणसं वाचणं' हा शब्दप्रयोग मी सहज केला, पण मानसशास्त्रात त्यावर मोठं काम आहे. १९८३ साली विमर आणि पर्नर यांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो. मागाहून आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. मॅक्सी आला की कुठं शोधेल? तीन वर्षांचं मूल म्हणतं, जिथं आहे तिथं. चार-पाच वर्षांचं म्हणतं, जिथं त्यानं ठेवलं होतं तिथं. दुसऱ्याच्या डोक्यातलं जग आपल्यापेक्षा वेगळं असतं, हे त्याला कळलेलं असतं. लंडनच्या ख्रिस फ्रिथ यांनी १९९२ साली मांडलं, की स्किझोफ्रेनियात नेमका हाच धागा विस्कटतो. पुढे १९९५ मध्ये कॉर्कोरन आणि फ्रिथ यांनी रुग्णांना आडून बोललेली वाक्यं ओळखायला दिली. आपलंच उदाहरण घ्या. पाहुणा घड्याळाकडे पाहत म्हणतो, "शेवटची एसटी साडेआठची ना?" यजमानीण उठते आणि ताट वाढते. अनेक रुग्णांना ही पायरी अवघड जाते.

आणि उलटही घडतं. कधी अर्थ लागत नाही, कधी नको तिथं अर्थ लागतो. जिन्यातलं खाकरणं हा नुसता खोकला राहत नाही. दोन्ही एकाच माणसात सापडतात, हे घरच्यांना फार गोंधळात टाकतं. "एवढं सूचक बोलले तरी कळेना, आणि मी नुसता सुस्कारा टाकला तर दिवसभर रुसला," असं किती आयांनी मला सांगितलं असेल!

बालपणीचा छळ इथं येऊन मिळतो तो असा. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो. सतत भीतीत वाढलेल्या मुलात ती घंटा हलक्या धक्क्यानंही वाजू लागते. ताणात स्रवणारं कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढं राहिलं, तर स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसला ते मानवत नाही. दुसऱ्याचं मन ताडण्यासाठी कपाळामागचा आणि कानांच्या वरच्या बाजूचा भाग मिळून काम करतात. आपण स्वस्थ बसून स्वतःशी विचार करतो, तेव्हा जागी असणारी मेंदूतली जोडणीही बऱ्याच अंशी हीच. आयर्लंडमध्ये गॉलवे इथं गॅरी डॉनोहो आणि सहकारी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत हाच दुवा शोधत आहेत. लहानपणीची उपेक्षा, शरीरातला दाह, या जोडण्या आणि चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याची क्षमता यांचा एकमेकांशी काय संबंध, हा त्यांचा प्रश्न. अंतिम उत्तर अजून हातात नाही. पण चेहरा चुकीचा वाचणारा रुग्ण मुद्दाम आडमुठेपणा करत नाही, एवढं घरच्यांना सांगायला आजचं ज्ञान पुरेसं आहे.

आपल्याकडे या आजाराविषयी मोकळेपणानं बोलणं सुरू व्हायला एका परदेशस्थ मराठी माणसाचा हात लागला. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवणारे प्रा. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानं पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली, आणि २००४ साली सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' आला. अतुल कुलकर्णीनं उभा केलेला त्यातला भाऊ आणि त्याच्यासाठी झुरणारी बहीण पाहताना चित्रपटगृहात मला लालबागची ती माउली आठवत राहिली.

तर ते दोन शब्द. औषधांनी तो मुलगा पुष्कळ सावरला होता. १९८१ साली एकदा एकटाच आला. बोलता बोलता म्हणाला, "गावाला होतो तवा बरं होतं की वाईट, मला आठवत नाही." कधी होतास गावाला? मग हळूहळू बाहेर आलं. आईला क्षय झाला होता, ती महिनोन् महिने रुग्णालयात. बाप पाळीवर. अकरा वर्षांच्या पोराला चुलत्याकडे धाडलेलं. साल १९७१. पुढे १९७२ चा दुष्काळ. चुलता-चुलती खडी फोडायला जात, हाही जाई. सुकडी मिळे ती चुलत्याची पोरं आधी खात. रात्री मार. "कवा मारतील ते बोलायचे नाहीत," तो म्हणाला. "तोंडाकडं बघून वळखावं लागायचं." दोन वर्षं त्यानं दुसऱ्यांची तोंडं वाचली होती, जीव वाचवायला.

त्यामुळेच त्याला आजार झाला, असं मी म्हणणार नाही. एका माणसाविषयी तसं छातीठोक कुणालाच सांगता येत नाही. पण मी त्याच्या आईला दुधाविषयी तासभर विचारलं होतं, आणि मुलगा त्या दोन वर्षांत कुठं होता हे एकदाही विचारलं नव्हतं.

मी जुना केसपेपर काढला. 'बालपण : सामान्य' खोडलं, त्यावरची आईविषयीची ओळही खोडली, आणि त्यानं सांगितलेलं लिहू लागले. तो माझ्या पेनाकडे बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "बाई, आईला नका सांगू. मी आजारी पडले म्हणून पोराचं असं झालं, म्हणल ती."

दुसऱ्याच्या मनातलं याला कळत नाही, असं त्याच केसपेपरवर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

मी सांगितलं नाही. ती पुढेही कितीतरी वर्षं दर महिन्याला त्याची औषधं न्यायला येत राहिली, आणि येताना माझ्यासाठी कधी गावच्या शेंगा आणायची. दोघंही आता नाहीत.